कंसातली मुदत

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांच्या कामांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना ‘बी-वन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेला हा निविदेचा छापील नमुना. त्याच्या दुसऱ्या कलमात मुदतीची अट आहे. दिलेली मुदत कंत्राटदाराने काटेकोर पाळावी, काम सुरू करण्याचा हुकूम मिळाल्या दिवसापासून ती मोजावी, सबंध मुदतभर काम नेटाने पुढे न्यावे, असे ते कलम सांगते आणि मध्येच एक कंस उघडते. मुदत हा या कराराचा गाभा मानला जाईल, मात्र तो कंत्राटदाराच्या बाजूने, असा त्या कंसातल्या मजकुराचा आशय आहे. ज्याच्यासाठी काम व्हायचे त्याच्या बाजूने मुदत काय आहे, याविषयी कंस काही बोलत नाही. जागा कधी ताब्यात द्यायची, नकाशे कधी पुरवायचे, देयक कधी चुकते करायचे, यांना गाभ्याचा मान नाही. बांधकामातल्या दिरंगाईची चर्चा आपल्याकडे बहुधा कंत्राटदाराच्या नावाने सुरू होते आणि तिथेच संपते. तिचे मूळ या एकतर्फी कंसात आहे, असे माझे म्हणणे आहे. वेळापत्रक हा दोन पक्षांनी एकमेकांना दिलेला हिशेब असतो. तो एकाच पक्षावर लादला की त्याचा दंडुका होतो. आणि दंडुक्याने काम वेळेवर झाल्याचा दाखला गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण आहे.

आधी शब्दांकडे पाहू. ‘कंत्राट’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. त्याआधीचा ‘मक्ता’ आणि मराठवाड्यात आजही बोलला जाणारा ‘गुत्ता’ हे मुख्यतः ठराविक रकमेला काम किंवा वसुली अंगावर घेण्याचे शब्द आहेत. मक्त्यात रक्कम महत्त्वाची. ती भरली की मक्तेदार दिवस कसे घालवतो याची उठाठेव कोणी करत नसे. दिवसांचा हिशेब मागणारे कंत्राट मोठ्या प्रमाणावर आले ते रेल्वेबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांचा करार १८४९ साली झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. तो पहिला तुकडा बांधणाऱ्यांत विल्यम फॅव्हिएल हा इंग्रज कंत्राटदार होता आणि पुढे बोरघाटाचे अवघड कामही त्याच्याकडेच गेले. १८५६ च्या जानेवारीत घाटात सुरुंग लागू लागले. सुमारे सोळा मैलांत १८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि काही ठिकाणी सदतिसास एक असा चढ, हा त्या कामाचा पसारा. या कामाला नुसती शेवटची तारीख पुरेशी नव्हती, कारण त्याची गाठ दोन्हीकडच्या मार्गांशी होती. खालच्या बाजूने गाडी १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत पोचली होती आणि वरचा खंडाळा-पुणे तुकडा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच. उतारूंनी खाली उतरायचे, पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचे. एका तुकड्याला उशीर झाला की बाकीच्यांची घाई कशी वाया जाते, हे तेव्हाच्या प्रवाशाला कोणत्याही अभियंत्याहून चांगले कळले असणार.

या घाटात काम का रखडले, याचे उत्तर कराराच्या कलमांत सापडत नाही. ते मजुरीच्या थकबाकीत आणि ऋतुचक्रात सापडते. कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम आणि त्यांच्याखाली गावोगावहून आलेले मजूर, अशी ती उतरंड होती. वरून पैसा निघाला तरी खालपर्यंत वेळेवर पोचेलच असे नव्हते. १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून दंगा झाला आणि मार्चमध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडले. पुढे कंपनीने काही काळ स्वतः काम चालवले. मग सॉलोमन ट्रेडवेलला कंत्राट मिळाले. तो इकडे येऊन उतरला आणि पंधरा दिवसांच्या आत वारला. त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने अ‍ॅडम्सन आणि क्लाउजर या दोन अभियंत्यांच्या हाती कारभार सोपवून कंत्राट निभावले. १८६१ मध्ये घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. आता याचा अर्थ लावू. घाट तोच, खडक तोच, पाऊस तोच, कॉलराची साथही चुकली नव्हती. मुदतीची कलमे पहिल्या कंत्राटदाराच्या डोक्यावरही होती आणि ती त्याला वाचवू शकली नाहीत. फरक पडला तो माणसे आणि पैसा यांच्या जुळवाजुळवीने. कोरड्या हंगामात हजारोंनी माणसे उभी करायची, पावसाळ्यात कामाची गती उतरणार हे धरून चालायचे, हे सगळे ज्याला जमले त्याच्या हातून घाट पुरा झाला. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रेल्वे कंपनीला गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची होती. उशिराची झळ कंपनीच्या भागधारकाला फारशी लागत नव्हती, ती इथल्या रयतेला लागत होती. ज्याच्या खिशाला उशीर जाणवतो तो वेळापत्रकाच्या खोलीत हजरच नव्हता. कंसाची ही पहिली आवृत्ती म्हणावी लागेल.

इंग्लंडमध्ये मात्र हा प्रश्न त्याआधीच न्यायालयात जाऊन आला होता. १८३८ च्या होम विरुद्ध गपी या खटल्यात लिव्हरपूलच्या एका मद्यनिर्मितीच्या कारखान्याचे सुतारकाम होते. मुदत साडेचार महिन्यांची, आणि ती टळली तर दर आठवड्याला दंड. पण मालकाने जागाच चार आठवडे उशिरा ताब्यात दिली आणि पुढे त्याच्याच गवंड्यांमुळे सुतारांचे आणखी काही आठवडे गेले. काम उशिरा संपले तेव्हा मालकाने दंड कापला. न्यायालयाने तो नाकारला. ज्याने स्वतः उशीर घडवला त्याला त्या उशिराचा दंड वसूल करता येत नाही, आणि मूळ मुदत अशी एकदा मोडली की कंत्राटदाराला जुन्या तारखेने बांधता येत नाही. मग वाजवी वेळात काम पुरे केले म्हणजे झाले, असे तत्त्व त्यातून पुढे आले. या निर्णयाचा परिणाम गमतीचा झाला. मालकांच्या वकिलांनी ओळखले की आपल्या एका चुकीने सगळी मुदतच सुटते. तेव्हा त्यांनी करारांत मुदतवाढीचे कलम घालायला सुरुवात केली. आज आपण मुदतवाढ ही कंत्राटदारावर केलेली मेहेरबानी समजतो. तिचा जन्म मालकाचा दंडाचा हक्क वाचवण्यासाठी झाला, हे फारसे कोणी सांगत नाही. मुदतवाढ नाकारणारा अधिकारी आपण कडक वागलो असे समजतो. कायद्याच्या दृष्टीने तो आपल्याच दंडाच्या पायाखालची माती काढत असतो.

भारतात १८७२ च्या करार कायद्याने हे सगळे नीट बांधून ठेवले. या कायद्याचे ५५ वे कलम तीन पायऱ्यांचे आहे. मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती टळली तर समोरच्याला करार मोडता येतो. गाभा नसेल तर मोडता येत नाही, नुकसानभरपाई मागता येते. आणि गाभा असूनही उशिरा केलेले काम त्याने स्वीकारले, तर स्वीकारतानाच तशी नोटीस दिल्याशिवाय भरपाईही मागता येत नाही. ७४ व्या कलमाने दंडाला लगाम घातला. करारात कितीही आकडा लिहा, मिळणार ती वाजवी भरपाई आणि तीही त्या आकड्याच्या मर्यादेत. पण माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे तो ६७ व्या कलमाचा दाखला. एकाने दुसऱ्याचे घर दुरुस्त करायचे कबूल केले. घरमालकाने कुठे दुरुस्ती हवी ते दाखवलेच नाही. तर कारागिराला दोष नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी हा दाखला घरदुरुस्तीतूनच उचलावा, हा योगायोग नसावा. बांधकाम हे असे काम आहे की त्यात एकाचे पाऊल दुसऱ्याने जागा करून दिल्याशिवाय पडत नाही. म्हणजे सार्वजनिक बांधकाम खाते नमुने छापत होते तेव्हा देशाचा कायदा दोन्ही बाजू ओळखत होता. कंस उघडला गेला तो कायद्याच्या अज्ञानामुळे नव्हे. कायद्याने जे दोघांवर ठेवले ते छापील कागदाने एकावर ढकलले.

आता त्याच दुसऱ्या कलमाच्या पुढच्या भागाकडे येऊ, कारण खरे वेळापत्रक तिथे आहे. अंतिम तारखेवर भिस्त ठेवून चालत नाही, मधले टप्पेही हवेत, हे नमुना करणाऱ्यांना कळत होते. म्हणून महिन्याहून अधिक मुदतीच्या प्रत्येक कामात पाव मुदतीत पाव काम, निम्म्या मुदतीत निम्मे काम आणि पाऊण मुदतीत पाऊण काम झाले पाहिजे, असा दंडक घातला गेला. चुकल्यास रोजचा दंड, आणि सगळा मिळून अंदाजित किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत. ऐकायला हे किती सरळ वाटते! पण काम असे सारख्या तुकड्यांत कापलेल्या कापडासारखे नसते. सुरुवातीला जागा साफ करायची, रस्ता करायचा, खडी-वाळू गोळा करायची, पाया खणायचा. यात दिवस जातात आणि मोजमाप पुस्तिकेत आकडा मात्र चढत नाही. मध्यावर कामाला वेग येतो आणि शेवटी किरकोळ कामांत तो पुन्हा मंदावतो. गंमत म्हणजे बी-वनच्या त्याच कलमाखालच्या टिपेला हे माहीत आहे. प्रत्येक कामाची परिस्थिती पाहून सक्षम अधिकाऱ्याने प्रमाण भरावे असे ती सांगते आणि सोयीचे म्हणून आकडेही देते. मातीकामात पाव मुदतीला एक-षष्ठांश, निम्म्या मुदतीला निम्मे, पाऊण मुदतीला पाऊण. दगडी बांधकामात पाव मुदतीला अवघा एक-दशांश, निम्म्या मुदतीला चार-दशांश, पाऊण मुदतीला आठ-दशांश. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या नमुन्यातही पाव मुदतीला अष्टमांश आणि निम्म्या मुदतीला तीन-अष्टमांश असेच चढते प्रमाण होते. म्हणजे गवंड्याचे काम आधी हळू आणि मग भरभर चालते, हे शहाणपण कागदावर होते. टीप मात्र विचार मागते आणि पाव-निम्मे-पाऊण काही मागत नाही. ज्या नमुन्यात हे सोपे प्रमाण छापूनच टाकले जाते, तिथे परिस्थिती पाहण्याचे काम उरत नाही.

आपल्याकडे या सरळ रेषेला आणखी एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे पाऊस. या मुलुखातल्या शेतकऱ्याचे वेळापत्रक कधीच सारख्या भागांचे नव्हते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, असे करत हस्तापर्यंत त्याचा पावसाळा नक्षत्रांनी मोजलेला असतो. कोणत्या नक्षत्रात काय होते आणि काय होत नाही हे त्याला पाठ असते. त्याच्या लेखी सगळे दिवस सारखे नसतात. सरकारी कंत्राटाच्या लेखी असतात. याचे चांगले उदाहरण नाशिकजवळ घडले. नाशिक डाव्या कालव्याच्या दुसऱ्या मैलावर आळंदी नदीवरून कालवा नेणारा जलसेतू बांधायचा होता. ही आळंदी म्हणजे ज्ञानदेवांची नव्हे. ही नाशिककडची नदी. काम सुमारे एक लाख सात हजार रुपयांचे. आदेश २ जुलै १९५५ रोजी निघाला, सुरुवात ५ जुलैला धरली आणि बरोबर वर्षाने, ४ जुलै १९५६ रोजी ते पुरे व्हायचे होते. ५ जुलै म्हणजे पुनर्वसू लागण्याचे दिवस. अशा कामाला पाव-निम्मे-पाऊणचे गणित लावून पाहा. पहिला पाव भाग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो, म्हणजे नदीच्या पात्रातले पायाचे काम नदी भरून वाहत असताना उरकायचे. कागदावर बारा महिने. प्रत्यक्षात नदी जेवढे देईल तेवढे. बरे, हीच मुदत दिवाळीनंतर सुरू केली असती तर याच बारा महिन्यांत सात-आठ सलग कोरडे महिने आरंभालाच हाती आले असते. मुदतीची लांबी तीच, पण सुरुवातीचा दिवस बदलला की तिची किंमत बदलते. आणि सुरुवातीचा दिवस ठरवतो कोण? खाते.

काम वेळेत झाले नाही. अतिवृष्टी, जागेपर्यंत धड रस्ता नसणे, आणलेला माल अयोग्य कारणाने नाकारला जाणे, अशी कारणे कंत्राटदाराने पुढे केली. कार्यकारी अभियंत्याने २७ ऑगस्ट १९५६ च्या पत्राने १६ ऑगस्टपासून कंत्राट रद्द ठरवले. प्रकरण दिवाणी न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने जानेवारी १९७९ मध्ये निकाल लागला. म्हणजे बारा महिन्यांच्या कामाचा वाद बावीस वर्षांनी मिटला. निकालपत्र न्या. तुळजापूरकरांचे. त्यांनी सांगितले ते आज देशभर उद्धृत होते. मुदत हा गाभा आहे असे करारात स्पष्ट लिहिले असले, तरी ते बाकीच्या कलमांबरोबर वाचायचे. त्याच करारात मुदतवाढीची सोय असेल आणि उशिराच्या दर दिवसाला दंडाची सोय असेल, तर मुदत टळली तरी करार जिवंत राहावा असेच दोन्ही पक्षांच्या मनात होते. मग तो ‘गाभा’ हा शब्द निष्प्रभ ठरतो. दुसऱ्या कलमात रोजचा दंड होता आणि सहाव्या कलमात मुदतवाढ होती. खात्याला काम आटोपते करून हवे होते तर त्याने नवी वाजवी मुदत ठरवून, तेवढ्यात काम न झाल्यास करार संपेल अशी नोटीस द्यायला हवी होती. ती न देता थेट कंत्राट रद्द करणे बेकायदा ठरले. कंस उघडून जे एका बाजूवर टाकले होते ते न्यायालयाने बाकीची कलमे शेजारी ठेवून हलके केले. बी-वनच्या भाषेत सांगायचे तर दुसरे कलम वाचताना सहावे कलम झाकून ठेवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पैसा जनतेचा असतो. मुदत सैल केली की कंत्राटदार एका कामावरची यंत्रे आणि माणसे उचलून दुसऱ्या कामावर नेतो, आगाऊ घेतलेली उचल गिळून बसतो आणि दरवाढीच्या नावाने वर हात पसरतो. पुलाअभावी पोरांना नदीतून शाळेत जावे लागते आणि कागदावर मुदतवाढीच्या पत्रांचा ढीग साचतो. हा आक्षेप खोटा नाही, पण त्याचा रोख चुकीच्या ठिकाणी आहे. १९७९ च्या निकालाने आळशी कंत्राटदाराला अभय दिले नाही. एक पत्र लिहिण्याची जबाबदारी खात्यावर टाकली. अडथळा कधी आला, कोणामुळे आला, त्यात किती दिवस गेले, हे त्या-त्या वेळी नोंदवायचे, नवी तारीख कारणांसह ठरवायची आणि ती टळली की मग खुशाल कडक व्हायचे. यात कंत्राटदाराची सुटका कुठे आहे? उलट नोंद ताजी असेल तर त्याची खोटी कारणे तिथल्या तिथे उघडी पडतात. सहाव्या कलमानेही अडथळा आल्यापासून तीस दिवसांत लेखी अर्ज करण्याचे बंधन त्याच्यावर घातलेच आहे. कंत्राटदाराला खरे अभय मिळते ते मुदत संपून गेल्यावर, काम संपता संपता, दंडाचा हक्क राखून सरसकट दिलेल्या मुदतवाढीने. तीत कोणाचा किती दोष हे ठरतच नाही. दोघांचेही फावते आणि पुढे लवादापुढे दोघेही आपापल्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहतात.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. पावसाळा काही आकाशातून पडलेले संकट नव्हे, असे म्हणता येईल. तो दरवर्षी येतो. नाशिकला जुलैत पाऊस पडतो हे निविदा भरणाऱ्याला ठाऊक नव्हते काय? मग त्याने तो हिशेबात धरूनच बारा महिन्यांची मुदत स्वीकारली असे का मानू नये? हे खरेच आहे. नेहमीच्या पावसाची जोखीम कंत्राटदाराचीच असते, अतिवृष्टीची गोष्ट निराळी. पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला की तो माझ्याच बाजूला येऊन उभा राहतो. पाऊस दोघांना ठाऊक आहे, तर तो वेळापत्रकात दिसला पाहिजे. पाव-निम्मे-पाऊणच्या रांगेत त्याला जागाच नाही. ज्या अटीत ठाऊक असलेली गोष्ट लिहिता येत नाही, ती अट दोन्ही पक्षांना पहिल्या दिवसापासून खोटे बोलायला लावते. कंत्राटदार न जमणारे प्रमाण कबूल करतो आणि खाते ते जमणार नाही हे जाणून सही घेते. मग पहिल्या तिमाहीतच तो कायद्याने कसूरवार ठरतो, आणि तरी कोणी काही करत नाही, कारण अट अवास्तव आहे हे सगळ्यांना माहीत असते. एकदा अट न पाळण्याची सवय लागली की खऱ्या दिरंगाईच्या वेळीही तिची धार उरत नाही.

यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाने कार्यक्रम पुढे आणला. शतकाच्या दुसऱ्या दशकात गॅन्टच्या नावाने ओळखले जाणारे आडव्या पट्ट्यांचे तक्ते रूढ झाले. पन्नाशीच्या उत्तरार्धात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीसाठी क्रिटिकल पाथची पद्धत आणि नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही पद्धत बसवली गेली. कोणते काम कोणत्या कामावर अडते आणि कोणत्या साखळीतला एक दिवस गेला की सगळ्या प्रकल्पाचा एक दिवस जातो, हे आता गणिताने दाखवता येऊ लागले. ब्रिटिश स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या करारनाम्यात आणि त्याच्या धर्तीवर १९५७ साली निघालेल्या ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुन्यात चौदाव्या कलमाने कंत्राटदाराला आपला कार्यक्रम अभियंत्यापुढे ठेवणे बंधनकारक केले. १९९९ च्या आवृत्तीत त्यासाठी अठ्ठावीस दिवसांची मुदत आहे आणि प्रत्यक्षाशी मेळ बसेनासा झाला की कार्यक्रम सुधारून देण्याचे बंधनही आहे. इथे तिसरा आक्षेप येतो. मालकपक्ष म्हणतो, कार्यक्रम हे कंत्राटदाराच्या हातातले दाव्याचे हत्यार होते. त्यात तो आपल्या सोयीच्या तारखा घालतो आणि मग नकाशा दोन दिवस उशिरा आला म्हणून भरपाई मागतो. ही भीती इंग्लंडच्या न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी तपासली आहे. १९८५ च्या यॉर्कशायरच्या जलप्राधिकरणाच्या खटल्यात कामाची पद्धत करारातच घातली होती. ती अशक्य निघाली तेव्हा बदलाचा खर्च मालकावर आला. १९८७ च्या ग्लेनलायन खटल्यात मात्र कंत्राटदाराने मुदतीआधीच काम संपेल असा कार्यक्रम दिला होता. त्या घाईसाठी मालकाने नकाशे आधी पुरवलेच पाहिजेत असे नाही, असे न्यायालय म्हणाले. दोन्ही निकाल एकत्र वाचले की तोल दिसतो. कार्यक्रम हे दोन्ही बाजूंना कापणारे पाते आहे. आणि ज्याला आपली बाजू कापली जाण्याची भीती वाटते, तो बहुधा आपल्या वाट्याच्या तारखा पाळण्याबद्दल साशंक असतो.

आपल्याकडे या विचाराचा प्रवास अर्ध्यावर आला आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या अभियांत्रिकी-खरेदी-बांधकाम पद्धतीच्या आदर्श करारात टप्पे आता सरळ रेषेत नाहीत. पस्तीस टक्के मुदतीला किमतीच्या दहा टक्के काम, साठ टक्के मुदतीला पस्तीस टक्के आणि पंच्याऐंशी टक्के मुदतीला सत्तर टक्के, असे ते चढत जातात. बी-वनच्या टिपेतले दगडी बांधकामाचे एक-दशांश इथे नव्या अंकांत परतले आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे मुदतीचे घड्याळ चालू होण्यापूर्वी बहुतांश जमीन ताब्यात देण्याचे बंधन सरकारी बाजूवर घातले आहे. जिथे जमिनीचा ताबा हा मुदतीच्या गणिताचा भाग होतो, तिथे कंस उलगडू लागतो. पण तालुक्याच्या रस्त्यापासून बंधाऱ्यापर्यंतची असंख्य लहान कामे आजही बी-वनसारख्या जुन्या नमुन्यांवर निघतात, आणि मोठ्या करारांतली ही जाण तिथवर पोचवायला नवा कायदा लागत नाही. जुन्या टिपेने सांगितल्याप्रमाणे प्रमाणाच्या रिकाम्या जागा त्या कामाकडे पाहून भरायच्या. जुलैतला कार्यारंभ आदेश असेल तर पहिल्या पाव मुदतीचे प्रमाण त्या मानाने लिहायचे. आणि खात्याने द्यायच्या गोष्टींच्या तारखा, म्हणजे जागा, नकाशे, मंजुऱ्या आणि देयके, कंत्राटदाराच्या तारखांशेजारी त्याच कागदावर मांडायच्या. बोरघाटात थकलेल्या मजुरीची तारीख कोणत्याही कलमात नव्हती, आणि काम अडले ते तिथे. आळंदीच्या काठावर पावसाला कोणत्याही कलमात जागा नव्हती, आणि वाद उभा राहिला तो तिथे. दुसऱ्या कलमातला कंस खोडावा असे मला वाटत नाही. सार्वजनिक कामात मुदत हा गाभा असलाच पाहिजे. त्यातले ‘कंत्राटदाराच्या बाजूने’ एवढेच शब्द काढून तिथे ‘दोन्ही बाजूंनी’ लिहिले, तर १८७२ च्या कायद्याने जे केव्हाच सांगितले होते ते छापील कागदावर येईल.